झंझावात की झंजावात?

प्रश्न : ‘झंझावात’ आणि ‘झंजावात’ अशी दोन्ही रूपे छापलेली दिसतात. बरोबर कोणते? आणि सोसाट्याचा वारा म्हणजेच झंझावात का?

उत्तर : ‘झंझावात’च. दोन्ही ठिकाणी ‘झ’. मुद्रिते तपासताना हा दुसरा ‘झ’ मी कितीदा तरी दुरुस्त केला आहे आणि दर वेळी हळहळलो आहे, कारण शब्दाचा जीवच त्या अक्षरात आहे. संस्कृतातली ‘झंझा’ म्हणजे पावसासकट घोंघावत येणारा वारा; शब्द त्याच्या आवाजावरूनच घडलेला. मोठ्याने म्हणून पाहा : झं-झा. तिथे ‘ज’ केला की वारा पडलाच!

सोसाट्यातही आवाज आहे, पण तो सूं सूं असा, सरळ अंगावर येणारा. त्याला पाऊस लागत नाही. वावटळ वेगळी : ती गरगरते, धूळ-पाचोळा वर उचलते. म्हणून वारा ‘सुटतो’, वावटळ ‘उठते’. ही क्रियापदे जपायला हवीत.

बोलताना आपण झंझावात क्वचितच म्हणतो. लिहिताना मात्र तो वाऱ्यापेक्षा माणसांनाच जास्त लावतो : झंझावाती दौरा, झंझावाती खेळी. यात चूक काही नाही. फक्त त्या दौऱ्याला खरोखर तसा वेग असावा, नाहीतर साधे ‘धावता दौरा’ लिहावे.