‘कुंकू’ आणि ‘कोर्ट’: अभिनय शेजारी ठेवून कसा पाहावा?

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात नेहमी एकच वाद रंगतो. ज्येष्ठांच्या मते अभिनय जुन्यांचाच, तरुणांच्या मते जुनं सगळं नाटकी. नीट तुलना कशी करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ‘नाटकी’ असा शिक्का मारण्याआधी माईक कुठे होता ते विचारा. १९३०च्या दशकात संवाद चित्रीकरणातच मुद्रित होत. माईक चौकटीबाहेर टांगलेला असे, नटाने मान वळवली की आवाज पडे. त्यामुळे वाक्याचं शेवटचं अक्षरही खणखणीत उच्चारावं लागे. अनेक नट रंगभूमीवरून आलेले असल्यामुळे ती तयारी त्यांच्याकडे होतीच.

व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (१९३७) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) ही जोडी घ्या. प्रत्येकातला तीनचार मिनिटांचा एकेक प्रसंग निवडून तो तीनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवा, दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका, तिसऱ्यांदा कागदावर कट, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरं जोडल्याच्या जागा, मोजा.

‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे शांता आपटे आणि केशवराव दाते यांना सुरांचा आधार मिळत नाही. शब्दांमधली शांतता त्यांनाच पेलावी लागते. आवाज बंद करून दात्यांचा आरशासमोरचा प्रसंग पाहा. रंगभूमीवरचा हा नट चेहऱ्याने किती कमी करतो, हे पाहिल्यावर ‘नाटकी’ शब्द मागे घ्यावासा वाटेल. शांतारामांचं दिग्दर्शन मात्र वस्तूंना बोलकं करतं, कुठे पाहायचं ते सांगतं.

‘कोर्ट’मध्ये नेमकं उलट. न्यायालयातल्या प्रसंगांत कॅमेरा लांब, स्थिर असतो. नजर कुठे ठेवायची ते आपणच ठरवायचं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कायद्याची कलमं कंटाळवाण्या एका सुरात वाचते. तो सपाटपणा मुद्दाम घडवलेला आहे, आणि मोठ्या आवाजातल्या संवादाइतकाच अवघड आहे. इथे अनेक भूमिकांत व्यावसायिक नट नाहीत. अशांना मोकळं व्हायला वेळ लागतो, टेक (त्याच दृश्याची पुन्हा पुन्हा केलेली चित्रणं) वाढतात. ३५ मिमीचं हजार फुटी रीळ साधारण ११ मिनिटांत संपतं. फिल्मवर त्या टेकचा खर्च फुटागणिक वाढतो. डिजिटलमध्ये ती धास्ती उरत नाही.

तुलना फसते ती बहुधा निवडीत. जुन्यातलं गाळून उरलेलं उत्तम आणि नव्यातलं सरासरी शेजारी ठेवलं, तर निकाल आधीच ठरलेला असतो. मूकपटांची धावपळ हाही नटांचा दोष नव्हे. सेकंदाला १६-१८ चौकटींनी टिपलेलं २४च्या वेगाने दाखवलं की माणसं पळतातच.

प्रश्न : हल्लीचे नट पुटपुटतात, घरी टीव्हीवर शब्दच कळत नाहीत. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कधी दोष नटाचा असतो, पण आधी टीव्ही तपासा. ५.१ ध्वनीत, म्हणजे अनेक स्पीकरांसाठी वेगवेगळ्या केलेल्या ध्वनीत, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरांत सगळं मिसळलं की संवाद दबतात. सेटिंगमध्ये ५.१ ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांसाठीचा) ट्रॅक निवडा. सोय असेल तर संवाद स्पष्ट करणारा पर्याय सुरू करा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर साधा हेडफोन लावून तोच प्रसंग ऐका. त्यातही शब्द हरवत असतील, तर तक्रार नटाच्या उच्चारांबद्दल किंवा ध्वनिमिश्रणाबद्दल जरूर करा.