एआय-डीएस की एरोस्पेस? उपग्रहांच्या कक्षेचं काम आणि त्याची तयारी

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) शाखेत दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एआयने उपग्रहाची पुढची जागा सांगतात, मला तेच करायचंय,’ असं तिचं चाललंय. शाखा सोडून तिला एरोस्पेसला पुन्हा पहिल्यापासून घालावं का? ‘स्पेस एआय’चा एक ऑनलाइन कोर्सही आहे, फी ८५ हजार. भरावी का? – एक पालक, सांगली

स.न.वि.वि.

शाखा बदलू नका आणि ८५ हजारही भरू नका. या कामाला लागणारा डेटा आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गाडी अडते ती गणित आणि भौतिकशास्त्रापाशी, आणि दुसऱ्या वर्षाला असताना ते भरून काढायला वेळ आहे.

न्यूरल नेटवर्क, म्हणजे डेटावरून शिकणारं एआय मॉडेल, आकाशाकडे पाहून भाकीत करतं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मुख्य काम १९८० साली प्रसिद्ध झालेली एसजीपी-४ ही सूत्रंच करतात. त्यांना टीएलई द्यायचा, म्हणजे एका ठरावीक वेळेच्या कक्षेचे आकडे असलेल्या ६९-६९ अक्षरांच्या दोन ओळी, आणि हवी ती वेळ सांगायची. कमी उंचीवरच्या उपग्रहाची जागा टीएलईच्या वेळेला साधारण १ किमीने चुकते, पुढे दिवसाला १ ते ३ किमीने चूक वाढते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या संशोधकांच्या सहभागाने तयार झालेल्या डीएसजीपी-४ मध्ये हीच सूत्रं पायटॉर्चमध्ये (नेटवर्क बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) अशी लिहिली आहेत की उत्तराचं प्रत्येक इनपुटच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह, म्हणजे तो आकडा किंचित बदलला तर उत्तर किती बदलतं त्याचा उतार, आपोआप मिळतं. एरवी एकेक आकडा किंचित हलवून गणित पुन्हा चालवावं लागतं. जास्त हलवला तर उतार चुकतो, फार कमी हलवला तर फरक राउंडिंगमध्येच बुडतो. डेरिव्हेटिव्ह हाताशी असल्यामुळे सूत्रांच्या आधी एक छोटं नेटवर्क आणि नंतर एक, अशी सगळी साखळी एकत्र ट्रेन करता येते. नेटवर्क शिकतं ते फक्त सूत्रांकडून उरलेली चूक. म्हणून ती चूक कुठून येते हे ज्याला कळतं, त्याचंच मॉडेल चालतं.

मुलीला हे गणित हाताने करायला सांगा. कक्षेच्या त्रिज्येत फक्त १० मीटर चूक असेल, तर दर फेरीला उपग्रह ३π गुणिले १०, म्हणजे ९४ मीटर पुढे किंवा मागे पडतो. दिवसाला साधारण १५ फेऱ्या, म्हणजे १.४ किमी. त्रिज्या हळूहळू घटवते ती विरळ हवा, आणि सौर वादळात ती हवा फुगते. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ४० पर्यंत अशाच वादळामुळे गमावले गेले.

आता सहा महिन्यांचा प्रोजेक्ट. सेंटिनेल-१ए या युरोपीय उपग्रहाचे टीएलई घ्यायचे आणि कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाकडून त्याच्याच अचूक कक्षेच्या फायली. त्यांची अचूकता काही सेंटिमीटरची असते. पहिले दोन महिने नेटवर्कला हात लावायचा नाही. नुसतं एसजीपी-४ चालवून चूक तीन दिशांत मोडायची : पुढे-मागे, वर-खाली, आडवी. पुढे-मागेची चूक दिवसागणिक वाढताना आलेखात दिसली नाही, तर आधी कोड तपासायचा. टीएलईत हवेच्या रोधाचा आकडा, बी-स्टार, ‘३६२५८-४’ असा छापतात. तो ०.३६२५८ गुणिले १० चा उणे चौथा घात असा वाचायचा. दशांशचिन्ह लिहिलेलंच नसतं, तिथे पहिली ठेच लागते.

पुढच्या ठेचा जास्त महागात पडतात. पायटॉर्च मुळात फ्लोट-३२ वापरतं, म्हणजे आकड्याचे साधारण सातच अंक नीट साठवतं. ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी, २४ लाखांच्या पुढचा असल्याने त्यात तो पाव-पाव दिवसाच्या टप्प्यांनीच साठतो, आणि सहा तासांत उपग्रह जवळपास चार फेऱ्या मारतो! म्हणून जास्त अंक साठवणारं फ्लोट-६४ घ्यायचं आणि वेळ टीएलईपासूनच्या मिनिटांत मोजायची. एसजीपी-४ चं उत्तर टीईएमई नावाच्या अक्षप्रणालीत येतं, फायली पृथ्वीसोबत फिरणाऱ्या प्रणालीत असतात. रूपांतर विसरलं तर हजारो किमीचा फरक पडतो आणि तो लगेच दिसतो. पण टीईएमईऐवजी जे-२००० (२००० सालच्या अक्षांची प्रणाली) धरलं तर चूक ४० किमीच्या आसपासपर्यंतच जाते, आणि नेटवर्क ती निमूटपणे शिकून टाकतं. ही खरी घातक.

सेंटिनेल अधूनमधून इंजिन चालवून कक्षा सावरतो. ते दिवस वेगळे काढले नाहीत, तर मॉडेल इंजिनाचा धक्का हवेच्या नावावर टाकतं. आणि डेटा पत्त्यांसारखा पिसून ट्रेन (शिकवायचा) आणि टेस्ट (तपासायचा) अशा दोन भागांत वाटायचा नाही, कारण एकाच फेरीतले शेजारचे बिंदू दोन्हीकडे जातात आणि निकाल खोटाच चांगला दिसतो. जुने महिने ट्रेनला, नंतरचे टेस्टला, आणि टेस्टमध्ये १० ते ११ मे २०२४ च्या मोठ्या सौर वादळाचे दिवस हवेतच. तुलना नेहमी साध्या एसजीपी-४ शी करायची. त्या वादळात मॉडेल हरलं तरी रिपोर्टमध्ये तसंच लिहावं. मुलाखत घेणाऱ्याला त्यातूनच जास्त कळतं.

अभ्यासात एम-३ (इंजिनिअरिंग गणित-३) हा विषय ‘काढून टाकायचा’ नाही. व्हेक्टर, मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन पक्कं हवं. जोडीला केप्लरची कक्षा आणि समीकरण टप्प्याटप्प्याने सोडवायची न्यूटन-रॅफसन रीत, कारण एसजीपी-४ च्या आत केप्लरचं समीकरण तसंच सोडवतात.

नोकऱ्या मोजक्या आहेत, हे मोकळेपणाने सांगायला हवं. इस्रोचं अंतराळ-सुरक्षेचं केंद्र बेंगळुरूत आहे, अंतराळातल्या वस्तूंवर नजर ठेवणारी डिगंतरासारखी कंपनीही तिथलीच. युरोपीय संस्थेतल्या कायम नोकऱ्या मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात, तेव्हा त्या भरवशावर बेत आखू नका. आयआयटी मुंबई किंवा तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत एम.टेक. हा सरळ रस्ता. गेटचा कोणता पेपर चालतो, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता भरतीत सहसा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स अशी शाखांची नावं असतात. तेव्हा मुलीच्या पदवीवर नेमकं काय छापून येणार आहे, हे कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचारा. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द त्यात नसेल, तर समकक्षतेचं पत्र मिळतं का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.