जुनी स्पोर्ट्स कार घेताना: तुमचा तपासणी अहवाल उद्या तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल

पुण्याहून आलेलं पत्र थोडक्यात असं. 2007 ची पॉर्शे बॉक्स्टर, मुंबईतला खासगी मालक, किंमत 21 लाख. पत्रलेखकाने पहिल्याच भेटीत एक लाख यूपीआयने पाठवले, पावती घेतली नाही. नंतर गाडी तपासून घेतली. अहवालात तीन गोष्टी आहेत: पुढच्या डाव्या फेंडरवर रंगाचा थर जाड आहे, 2013 ते 2019 या काळातली सर्व्हिसची बिलं नाहीत, आणि इंजिनच्या बेअरिंगची शंका दूर करायची तर ऑइल फिल्टर कापून पाहावा. मालकाने फिल्टर काढू दिला नाही. 'चालू गाडी उगाच उघडू नका' म्हणाला. आता त्याने कराराचा मसुदा पाठवला आहे आणि रविवारी सही हवी आहे. प्रश्न एकच: घेऊ का?

अशी पत्रं मला सतत येतात. कधी बुलेट असते, कधी जुनी जीप, आणि दर वेळी पैसे आधी गेलेले असतात. आरसी, बँकेचा बोजा, चलान हे सगळं तुम्ही पाहिलं आहे असं लिहिता, म्हणून त्यात जात नाही. गाडी चांगली की वाईट हे मेकॅनिकने सांगायचं. वकील म्हणून मला तुमच्या मसुद्यातलं फक्त चौथं कलम दिसतं आहे. तुम्ही ते बहुधा वरवर वाचलंत, कारण पत्रात त्याबद्दल एक ओळही नाही.

ते कलम असं आहे: 'सदर वाहन जसे आहे तसे, जिथे आहे तिथे या तत्त्वावर विकले असून, खरेदीदाराने ते स्वतः व तज्ज्ञामार्फत तपासून, पूर्ण समाधान झाल्यावरच खरेदी केले आहे. यापुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.'

'तज्ज्ञामार्फत तपासून' हे शब्द कुणीतरी विचार करून घातले आहेत. माल विक्री कायदा 1930 मधलं कलम 16 सांगतं की विकलेला माल चांगला असेल अशी हमी कायदा आपण होऊन गृहीत धरत नाही. अपवाद आहेत, पण त्यातला तुमच्या कामाचा अपवाद त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्या विक्रेत्यापुरता आहे. तुमचा मालक डीलर नाही, म्हणजे तो दरवाजा जवळजवळ बंदच. आणि डीलर असता तरी त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारी पोटअट, आहे: खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्याबद्दल हमी उरत नाही. वर कलम 62 आहेच, त्यानुसार दोन्ही पक्ष करार करून अशा गर्भित हमी काढून टाकू शकतात. चौथं कलम नेमकं तेच करतं आहे.

तपासणी करून घेतलीत हे योग्यच केलंत. पण तिचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक अशील होता, त्यानेही जुनी महागडी गाडी तपासून घेतली होती. सहा महिन्यांत गिअरबॉक्स गेला. दाव्यासोबत त्याने स्वतःच मेकॅनिकचा अहवाल जोडला, गाडी किती काळजीने घेतली हे दाखवायला. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तोच कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, दुसऱ्या पानावरची सातवी ओळ मोठ्याने वाचा. त्याने वाचली: 'गिअर बदलताना किंचित आवाज, पुढील तपासणीची शिफारस.' मग एकच प्रश्न आला: पुढील तपासणी केलीत का? तो माझ्याकडे बघत राहिला. साक्षीदाराला मी तिथे काही सांगू शकत नव्हते.

तुमच्या अहवालातली 'फिल्टर कापून पाहावा' ही ओळ अगदी तशीच आहे.

ती इतकी जड का आहे ते सांगते. त्या काळातल्या बॉक्स्टर आणि 911 च्या इंजिनांमधल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे आतल्या एका फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगचा दोष जगजाहीर आहे. अमेरिकेत त्यावर सामूहिक दावा झाला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. ती 2001 ते 2005 च्या गाड्यांपुरती होती, तुमची 2007 ची गाडी त्यात बसत नाही. 2007 च्या इंजिनात हे बेअरिंग आकाराने मोठं आहे आणि कमी त्रास देतं असं जाणकार मानतात, पण इंजिन उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही. फिल्टरच्या कागदाच्या घड्या पसरून त्यात धातूचे चकाकते कण आहेत का हे बघणं हीच बाहेरून करण्यासारखी स्वस्त परीक्षा. तुम्हाला दोष माहीत होता, परीक्षा माहीत होती, मालक ती करू देत नाही हेही माहीत होतं. एवढं सगळं माहीत असून सही केलीत, तर उद्या 'माझी फसवणूक झाली' हे वाक्य न्यायाधीशांपुढे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

भारतीय करार कायदा 1872 चं कलम 17 फसवणुकीबद्दल आहे. त्यात उदाहरण घोड्याचं आहे. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोडा निकोप नाही हे 'अ'ला ठाऊक आहे, पण तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. मालकाने आपण होऊन दोष सांगितला नाही म्हणून रागावलेली जी पत्रं मला येतात, ती बहुतेक इथेच संपतात. पण त्याच कलमाखाली आणखी एक उदाहरण आहे, आणि तुमचा सगळा मामला त्यावर उभा राहू शकतो. 'ब' 'अ'ला म्हणतो, 'तू नाकारलं नाहीस, तर घोडा निकोप आहे असं मी समजेन.' 'अ' गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं.

आता त्याच कायद्याच्या कलम 19 चा अपवाद पाहा. चुकीच्या विधानामुळे किंवा फसव्या मौनामुळे तुम्ही संमती दिली असेल, पण साधी दक्षता घेऊन खरं काय ते तुम्हाला कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. या अपवादात जाणूनबुजून सांगितलेलं धडधडीत खोटं येत नाही. मालक गप्प राहिला तर तुमचा अहवाल आडवा येऊ शकतो. मालकाने लिहून दिलं की इंजिन कधी उघडलं नाही, आणि ते खोटं निघालं, तर तुमच्याकडे अहवाल होता की नव्हता याला फारसं महत्त्व उरत नाही. 'जसे आहे तसे' हे कलमही जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला पांघरूण घालू शकेल असं मला वाटत नाही. अर्थात हे सगळं शाबित करण्याचं ओझं तुमच्यावर असेल, आणि त्याला किती वर्षं लागतील हे मी आज सांगू शकत नाही.

ग्राहक आयोगात जाऊ, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. खासगी माणसाने स्वतःची वापरलेली गाडी विकली तर तो कायद्यातला व्यापारी ठरत नाही. तक्रार दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच अडकण्याची शक्यता मोठी. आणि अडकली नाही तरी? ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो की तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी, मालाची चाचणी लागणार असेल तर पाच महिन्यांत. या मुदती वाचून लोक माझ्याकडे आशेने येतात, त्यांना तारखांची वही दाखवताना मला दर वेळी त्रास होतो. दरम्यान गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहते. बॅटरी उतरते, टायर सपाट होतात, सील सुकतात. आयोगाने नेमलेला तज्ज्ञ येईपर्यंत दोष आधीपासूनचा होता की उभ्या उभ्या झाला, यावरच वाद सुरू झालेला असतो. म्हणून या व्यवहारात तुमचं खरं कोर्ट रविवारच्या आधीचं आहे.

करायचं काय ते सांगते. फिल्टर कापू द्या, खर्च माझा, असं मालकाला स्पष्ट सांगा. नवा फिल्टर आणि नवं तेल घालून द्या. तो तयार झाला आणि घड्या स्वच्छ निघाल्या, तर फोटो काढा, मेकॅनिककडून तारखेसह लिहून घ्या आणि पुढे जा. नाही म्हणाला, तर गाडी घेऊ नका. इतर बाबतीत मी 'कदाचित' म्हणते आहे, इथे म्हणत नाही.

दुसरं, चौथं कलम जसंच्या तसं राहू देऊ नका. 'जसे आहे तसे' राहिलं तर चालेल, जुन्या गाडीत ते कुणीच काढत नाही. पण त्याखाली एवढं वाक्य यायला हवं: 'विक्रेत्याने दिनांक अमुकच्या संदेशातील प्रश्नांना दिलेली उत्तरे या कराराचा भाग आहेत आणि खरेदीदाराने त्यांवर विसंबून खरेदी केली आहे.' आणि तो संदेश असा जाऊ द्या:

'नमस्कार. आपल्या बॉक्स्टरचा व्यवहार पूर्ण करण्याआधी पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. 2013 ते 2019 या काळात गाडी कुठे सर्व्हिस झाली, आणि आपल्या माहितीप्रमाणे कधीही इंजिन किंवा गिअरबॉक्स उघडला गेला का? पुढचा डावा फेंडर का रंगवला, अपघात झाला होता का, इन्शुरन्सचा क्लेम घेतला होता का? मीटर बदलला किंवा दुरुस्त केला गेला आहे का? इंजिन व गिअरबॉक्स उघडलेले नाहीत, अपघात झालेला नाही आणि मीटर मूळचा आहे असं समजून मी ही गाडी घेत आहे. यात काही चूक असेल तर शनिवारपर्यंत कळवावं. आपण नाकारलं नाहीत, तर हे बरोबर आहे असंच मी समजेन.'

शेवटचं वाक्य त्या घोड्याच्या उदाहरणातलं आहे, ते गाळू नका. तरीही त्याच्या गप्प बसण्यावर समाधान मानू नका, उत्तर मागत राहा. कारण मौनाला कलम 19 चा अपवाद लागू शकतो, लेखी खोट्याला नाही. फोनवर बोलला तर लगेच लिहा, 'आत्ता फोनवर आपण असं म्हणालात.' हे सगळे संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन विकू नका, बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि नुसते स्क्रीनशॉट घेऊन आलेल्या अशिलांचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे.

आता त्या एक लाखाबद्दल. विसार दिलात आणि विसारपावती घेतली नाहीत, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहायला अर्धा तास लागला असता. सुदैवाने तुम्ही जोडलेल्या संभाषणात, पैसे पोहोचल्यावर मालकाने लिहिलं आहे: 'मिळाले. चेक करून घ्या, मग फायनल करू.' या सात शब्दांवर तुमचे एक लाख उभे आहेत. व्यवहार तपासणीवर अवलंबून होता असं त्यातून म्हणता येतं. विसार जप्त करायचा तर तशी अट स्पष्ट ठरलेली असावी लागते. अट असली, तरी करार कायद्याच्या कलम 74 खाली सामान्यतः वाजवी नुकसानभरपाईपलीकडे हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 पासून वेळोवेळी सांगितलं आहे आणि 2015 मध्ये कैलाशनाथ प्रकरणात पुन्हा नीट मांडलं आहे. मालक म्हणेल, तुमच्यामुळे दुसरं गिऱ्हाईक गेलं. ते त्याने दाखवावं. पूर्ण रक्कम परत येईलच अशी खात्री मी देत नाही, पण चौथ्या कलमाखाली सही करून 21 लाख अडकवण्यापेक्षा हा एक लाखाचा वाद कितीतरी बरा.

दोन छोट्या गोष्टी, गाडी घेतलीतच तर. नोंदणीची पहिली 15 वर्षं 2022 मध्ये संपली, म्हणजे सध्याचं नूतनीकरण 2027 पर्यंतच आहे. आयात गाडीचं नूतनीकरण शुल्क साध्या गाडीच्या कैकपट असतं, 20 वर्षांनंतर ते आणखी वाढतं, वर पर्यावरण कर. आजचे आकडे परिवहनच्या पोर्टलवर पाहून किमतीत धरा. आणि विमा. गाडी तुमच्या नावावर झाली की थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 मुळे तुमच्याकडे आला असं मानलं जातं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र आपोआप येत नाही. 1996 पासून ही स्थिती ठरलेली आहे. मालकाच्या पॉलिसीवर एक्सप्रेसवे चढू नका. ताबा घ्यायच्या दिवशी तुमच्या नावाने पॉलिसी हातात असू द्या, निदान विमा कंपनीचं लेखी उत्तर तरी.

संदेश आजच पाठवा. शनिवारी रात्रीपर्यंत उत्तर आलं नाही किंवा फिल्टरला नकार कायम राहिला, तर रविवारी मुंबईला जाऊ नका. सोमवारी सकाळी त्याला लिहा की तपासणी पूर्ण होऊ न दिल्याने व्यवहार थांबवत आहे, विसाराचे एक लाख 15 दिवसांत त्याच खात्यावर परत करावेत. नाही आले, तर ते संभाषण आणि बँकेचा उतारा घेऊन तुमच्या जवळच्या वकिलांकडे नोटीस द्यायला जा, आणि या वेळी कागद आधी, पैसे नंतर.