फुंकलं तर हवा जाते, मग जेट चांगला ना?

प्रश्न : सहा सिलिंडरचं जुनं टर्बो डिझेल इंजिन पूर्ण उघडलं आहे. पिस्टन थंड ठेवायला त्याच्या पोटावर तेल मारणारे जेट मिस्त्रींनी रॉकेलमध्ये धुऊन तोंडाने फुंकून पाहिले. चारमधून हवा गेली, दोनमधून गेली नाही. ते दोन बदलायला सांगतात. बदलू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : थांबा, बहुधा उलटं आहे. तुमच्या जेटच्या पोकळ बोल्टात बॉल आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असेल, तर फुंकेने हवा जायलाच नको. माणसाची जोरदार फुंकसुद्धा ०.१ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास भरते. हा व्हॉल्व्ह बहुतेक इंजिनांत १.५ ते ३ बारच्या दरम्यान उघडतो. म्हणजे हवा सोडणारे चार उघडे अडकलेले असू शकतात. उरलेले दोन चांगले आहेत की तुंबलेत, ते फुंकून कळणार नाही. आधी बोल्टाच्या तोंडात बॅटरी मारून बघा. चकचकीत बॉल दिसला तर बोथट तारेने हलकेच दाबा. सोडल्यावर तो टचकन परत आला पाहिजे. बॉलच नसेल, तर जेट साधा आहे आणि त्यातून हवा जाणं बरोबर.

खरी चाचणी दाबावर होते. लोखंडाच्या ठोकळ्याला ब्लॉकसारखाच आटा पाडून घ्या, वरचा पृष्ठभाग सपाट करा आणि मागून हवेचा निपल बसवा. सांगलीत शंभर फुटी रोडच्या बाजूला लेथवाल्याला जुना बोल्ट नमुना म्हणून दिला की काम होतं. रेग्युलेटर शून्यावरून सावकाश वाढवत न्या आणि प्रत्येक जेट किती बारला उघडला ते कागदावर लिहा. आकडा मॅन्युअलशी जुळावा आणि सहाही एकमेकांच्या जवळपास असावेत. दाब उतरवताना व्हॉल्व्ह बंद होतो का, तेही बघा. चिकटणारा बॉल तिथेच सापडतो.

मग धार. पाच लिटरचा हाताने दाब भरायचा नवा फवारणी पंप ठोकळ्याला जोडा आणि त्यात स्वच्छ डिझेल घ्या. द्राक्षबागेतला पंप मात्र नको; मोरचूद-चुन्याचा एखादा कण त्या बारीक भोकात बसला की संपलं. धार विणायच्या सुईसारखी सरळ, अखंड हवी. ती फाटली, पंख्यासारखी पसरली किंवा वाकडी गेली तर जेट बाद. सारख्या दाबावर प्रत्येकी ३० सेकंद बरणीत डिझेल धरून पातळी ताडून बघा. डोळ्याला चष्मा लावा, हात धारेपुढे नको, जवळ विडी-काडी नको.

भोक ड्रिलने मोठं करू नका, वाकलेली नळी सरळ करू नका. नळीचा रोख दोन-तीन अंश जरी चुकला, तरी गॅलरीवाल्या (आत तेलाची पोकळी असलेल्या) पिस्टनमध्ये तेल भोकात न जाता बाजूला आदळतं. व्हॉल्व्ह उघडा अडकलेला निघाला, तर सहाही बोल्ट एकदम बदला. नव्या-जुन्या स्प्रिंगची मिसळ केलीत तर सहा पिस्टनना कमी-जास्त तेल मिळेल.

प्रश्न : जेट काढून ब्लॉक बोरिंगला द्यायचा की लावूनच?
– एक वाचक, कराड

उत्तर : बोल्टाने बसवलेले असतील तर काढूनच. होनिंगची (सिलिंडर घासण्याची) किट्ट ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेत, म्हणजे गॅलरीत, जातेच. प्लग काढून, गरम पाणी, साबण आणि लांब ब्रशने गॅलरी धुवा आणि मग जेट लावा. पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचा एक धागा जेट बंद करायला पुरतो. आट्याला टेफ्लॉन टेपही नको, कारण तिचे तुकडे शेवटी तिथेच पोचतात. पोकळ बोल्ट नाजूक असतो. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरा, नाहीतर मान तुटून उरलेलं ब्लॉकमध्ये राहतं. वॉशर असेल तर नवा.

पोर्शे ९११ च्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासारखे केसमध्ये (इंजिनाच्या कवचात) दाबून बसवलेले जेट असतील, तर चालणारा जेट उपसू नका. काढताना केसचं भोक खराब होतं. मेन बेअरिंगच्या खोबणीतल्या तेलाच्या भोकातून क्लीनर दाबाने सोडा आणि पलीकडे बारीक धार येते का बघा. येत नसेल तर भिजत ठेवून पुन्हा करा. तरीही अडला, तरच बदलण्याचा विचार, तोही अनुभवी मशीनिस्टकडून.

सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) लावण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. पिस्टनचा स्कर्ट (खालचा घेर) आणि क्रँकचं वजन नळीला घासता कामा नये. ही पाच मिनिटं वाचवायला गेलेल्यांनी पुन्हा सम्प उतरवलेले आहेत.

प्रश्न : इंजिन बांधलं. खंबाटकी घाट चढून आल्यावर, गरम असताना आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) ऑइलचा दाब फार पडतो. इंजिन थंड असताना ठीक असतो. बेअरिंग गेलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बेअरिंगला दोष देण्याआधी ऑइलची ग्रेड बघा आणि यांत्रिक गेज लावून दाब मोजा, डॅशबोर्डच्या काट्याला दाब कळवणारा सेंडर खोटं बोलू शकतो. दाब खरंच कमी असेल, तर सम्प उतरवून पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) आणि जेट या क्रमाने तपासा. आयडलला बंद राहायचे जेट उघडे असतील, तर बेअरिंगच्या वाटणीचं तेल तिथूनच वाहून जातं. जेटच्या जागी डमी (भोक नसलेला) बोल्ट मारून दाब वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर टर्बो इंजिनात तो ऐकू नका. गेजवर दाब छान दिसेल आणि पुढच्या घाटात पिस्टन तापून जाम होईल.