रणगाड्यात कारचं इंजिन? बसलंय की!

प्रश्न : नगरचं टँक म्युझियम बघून आल्यापासून आमच्या गॅरेजवर पैज लागलीये. मी म्हणतो हलक्या रणगाड्याला कारचं इंजिन चालून जाईल, आमचे उस्ताद म्हणतात क्लच जळेल आणि धूड जागचं हलणार नाही. कोण बरोबर?
– एक मेकॅनिक, कराड

उत्तर : पैज तुमची, पण उस्तादांना चहा पाजा, ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. ब्रिटिशांचा स्कॉर्पियन (महिंद्रावाली स्कॉर्पिओ नव्हे) हा साधारण ८ टनांचा हलका रणगाडा, १९७० च्या दशकात आला, आणि त्यात जॅग्वारचं ४.२ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, म्हणजे ई-टाईप स्पोर्ट्स कारमधे यायचं तेच. कारमधे कंपनी २६५ हॉर्सपॉवर सांगायची, रणगाड्यात मात्र ती मुद्दाम १९० च्या आसपास आणली, कॉम्प्रेशन कमी केलं, कार्बोरेटर एकच ठेवला, कारण लष्कराला मिळेल त्या पेट्रोलवर गाडी चालली पाहिजे आणि इंजिन टिकलं पाहिजे. तरी हा गडी रस्त्यावर ताशी ८० किमीच्या आसपास पळायचा, आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात तिथल्या दलदलीतून पण गेला.

आता उस्तादांचा मुद्दा. इंजिन कारचं घेतलं तरी मागचं काहीच कारचं चालत नाही. ई-टाईप सव्वा-दीड टनाची, हा ८ टनांचा, शिवाय पट्ट्यावरची गाडी वळवायची तर एका बाजूचा पट्टा हळू आणि दुसरा जोरात फिरवावा लागतो आणि त्यात भरपूर ताकद खर्च होते, कारचा क्लच तिथे खरंच भाजून निघेल. म्हणून स्कॉर्पियनला वेगळा गियरबॉक्स, पुढे ७ गियर आणि मागे पण ७, वळायची यंत्रणा त्यातच. दुसरी भानगड गरम होण्याची. कारला समोरून वारा लागतो, इथे इंजिन चिलखताच्या पेटीत बंद, मग मोठा पंखा लावा आणि तो पंखा परत इंजिनचीच पॉवर खातो. आणि ड्रायव्हर बिचारा पुढे डावीकडे, इंजिनच्या अगदी शेजारी, उन्हाळ्यात त्याचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

प्रश्न : एका इंजिनाने भागत नसेल तर दोन लावली तर?
– वाचक, सांगली

उत्तर : लावली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्टुअर्ट रणगाड्यात आधी विमानाचं रेडियल (सिलिंडर गोलाकार मांडलेलं) इंजिन असायचं, पण ती इंजिनं विमानांनाच हवी होती, मग एम-५ मॉडेलमधे कॅडिलॅक कारची दोन व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिनं शेजारी शेजारी बसवली, प्रत्येकाला स्वतःचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. आवाज कमी झाला, आत जागा वाढली आणि नवे ड्रायव्हर पण पटकन तयार व्हायला लागले. हेच एम-५ आपल्या लष्कराच्या ७ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटने सुटे करून, पूल आले की विंचने ओढून काश्मीरमधल्या झोजी ला खिंडीपाशी नेले आणि १ नोव्हेंबर १९४८ ला हल्ला केला, ११,००० फुटांच्या वर रणगाडे येतील हे समोरच्याच्या स्वप्नात पण नव्हतं. रशियन टी-७० मधे पण दोन इंजिनं, ७०-७० हॉर्सपॉवरची. सुरुवातीला प्रत्येक इंजिन आपापला पट्टा ओढायचं, ते काही जमेना, मग दोन्ही एकामागे एक जोडली आणि गाडी लायनीवर आली. तेव्हा दोन लावा, पण जोडायचं कसं ते आधी ठरवा.

प्रश्न : अ‍ॅव्हरेज किती देतो?
– वाचक, नाशिक

उत्तर : वाटच बघत होतो! स्कॉर्पियनची टाकी ४२३ लिटरची, चांगल्या रस्त्यावर एका टाकीत ६४४ किमी. म्हणजे लिटरला दीड. नंतर ब्रिटिशांनी याच्याच कुटुंबातल्या सिमिटरसारख्या गाड्यांमधे पेट्रोल काढून कमिन्सचं डिझेल इंजिन टाकलं, त्यात अ‍ॅव्हरेजपेक्षा आगीची भीती कमी झाली हे महत्त्वाचं.