मधे उतरलं की स्वस्त, सरळ गेलं की महाग, हे काय गणित?

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून विमानाच्या तिकिटांचेच प्रश्न जास्त आलेत, सुट्ट्या जवळ आल्या की दरवर्षीचंच आहे हे. चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : नमस्कार काका. आईबाबा भावाकडे लंडनला चाललेत, जूनमध्ये. मी मुंबईहून मधे एका ठिकाणी साडेचार तास थांबा असलेलं तिकीट काढलं, स्वस्त होतं म्हणून. आता आईचे गुडघे फारच दुखायला लागलेत. त्याच कंपनीचं त्याच दिवशी नॉनस्टॉप विमान आहे, म्हटलं त्यात टाका, तर फोनवरची बाई म्हणते माणशी ३८ हजार जास्त पडतील. अहो सीट मॅपवर अर्धं विमान रिकामं दिसतंय! आणि आपण त्यांचं एक विमान कमी वापरणार, एक जेवण कमी खाणार, तरी वर पैसे आपणच द्यायचे? ही लूट नाही का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमचा राग समजतो मला. नाशिकला शरणपूर रोडवरच्या ऑफिसात तीस वर्षं तिकिटं काढली, हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी यायचाच, आणि विचारणारा दर वेळी तुमच्याइतकाच तापलेला असायचा.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या डोक्यात एसटी बसलेली आहे. एसटीचा ६ किलोमीटरचा एक टप्पा, टप्पे मोजायचे आणि पैसे द्यायचे, जितकं लांब तितकं महाग. विमानाचं भाडं तसं ठरतच नाही, ते ठरतं तुमच्यापुढे दुसरे पर्याय किती आहेत आणि तुम्ही किती अडलेले आहात यावर. मुंबईहून लंडनला मधे थांबवून नेणारे ढीगभर आहेत, दुबईवरून जा, दोहावरून जा, अबुधाबी, इस्तंबूल, फ्रँकफर्ट, सगळ्यांची नजर एकाच गिऱ्हाइकावर, म्हणून तिथले दर पडलेले. सरळ नेणारे मोजके. तुमच्या कंपनीने तुम्हाला स्वस्त तिकीट दिलं ते तुम्ही दोह्याकडे वळू नये म्हणून दिलं, दोन विमानं वापरून तिला खर्च जास्त येतो हे तिलाही माहीत असतं. पण दुसरं विमान तसंही उडणारच होतं, त्यातली खुर्ची रिकामी जाण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे, एवढाच तो विचार. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याहून नाशिकच्या द्वारका चौकात येणारी ट्रॅव्हल्सची गाडी काय भाव सांगते? अंतर तेवढंच, डिझेल तेवढंच. तसंच आहे हे, फक्त ट्रॅव्हल्सवाला अंदाजाने करतो आणि इथे कॉम्प्युटर करतो.

हा कॉम्प्युटरचा खेळ अमेरिकेतून आला. तिथे १९७८ साली कायदा करून भाडं ठरवण्याचा सरकारी अंमल काढून टाकला, मग मोठ्या कंपन्यांनी एकेक शहर आपला अड्डा केलं, जसं अमेरिकन एअरलाइन्सचं डॅलस, आणि गावोगावची माणसं तिथे आणून पुढे पाठवायला लागल्या. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एकाच विमानातल्या सीटा वेगवेगळ्या भावाला विकायची पद्धत नीट बसवली, थोड्या स्वस्त, बाकी शेवटच्या क्षणी येणाऱ्या ऑफिसवाल्यांसाठी राखून. आता सगळं जग तेच करतं. इकॉनॉमीची सीट दिसायला एकच, पण आत तिचे दहा-बारा कप्पे असतात, प्रत्येकाला इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचा भाव वेगळा. तुम्ही घेतलं ते खालच्या कप्प्यातलं. नॉनस्टॉपवर तो कप्पा एक तर संपलेला किंवा मुळात ठेवलेलाच नाही. म्हणून विमान रिकामं दिसत असलं तरी तुमच्या भावाची सीट नाही. (आणि सीट मॅपवर जाऊ नका हो, तिथे फक्त कोणी सीट नंबर निवडलाय तेवढंच कळतं. तिकीट काढून नंबर न घेतलेले कितीतरी असतात, ते चेक-इनला उगवतात.)

आता ३८ हजार. आज नव्याने नॉनस्टॉपचं तिकीट काढलं तर किती, ते कंपनीच्याच साइटवर बघा आणि त्यातून तुमचं जुनं वजा करा. उत्तर ३८ च्या आसपास आलं तर तो दंड नाही, भावातला फरक आहे. फरक २५ येत असेल तर वरचे १३ कसले हे विचारा, ती बदलाची फी असणार. अमेरिकेत २०२० च्या ऑगस्टमध्ये युनायटेडने देशांतर्गत तिकिटांवरची २०० डॉलरची बदल फी काढली, मागोमाग डेल्टा आणि अमेरिकननेही काढली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण भाड्यातला फरक आजही घेतातच. आणखी एक हिशोब करून बघा, जुनं रद्द करून नवीन काढलं तर काय पडतं. आपल्या डीजीसीएच्या (विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) नियमाने भारतीय कंपनीला रद्द करायचे पैसे मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त कापता येत नाहीत आणि सरकारी कर, विमानतळाची फी वगैरे परत द्यावी लागते. परदेशी कंपनी असेल तर ती तिच्या देशाच्या नियमाने चालते. तिकीट काढून नुकतेच काही तास झाले असतील आणि प्रवासाला अजून बरेच दिवस असतील तर भारतात फीशिवाय बदलता येतं, फरक भरून, पण तुमचे ते तास गेले असणार.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. तुम्ही मागायला गेलात की भाव लागतो, पण त्यांनी तुमच्या वेळापत्रकाला हात लावला की तोच बदल फुकट होऊ शकतो. माझ्या मेव्हणीचंच सांगतो. परदेशी जायचं तिकीट सहा महिने आधी काढलेलं, मधला थांबा तीन तासांचा. दीड महिना आधी मेल आला, पहिलं विमान उशिरा निघणार, थांबा उरला पन्नास मिनिटं, खाली हिरवं बटण, ‘मान्य’. ती दाबणारच होती, मी म्हटलं थांब, हात लावू नकोस. फोन केला, चाळीस मिनिटं म्युझिक ऐकलं, मग शांतपणे सांगितलं की बाई साठीच्या आहेत, पन्नास मिनिटांत दुसऱ्या टर्मिनलला पोचणार नाहीत, तुमचंच त्या दिवशीचं सरळ विमान आहे त्यात बसवा. पहिल्या मुलाने नाही म्हटलं. मी ठेवून दिला, तासाभराने पुन्हा केला, दुसऱ्या मुलीने दोन मिनिटांत करून दिलं, एक रुपया न घेता. हे ‘पुन्हा करणं’ लक्षात ठेवा, मशीन एकच असलं तरी पलीकडची माणसं वेगळी असतात. जूनपर्यंत अजून वेळ आहे, उन्हाळी वेळापत्रकं हलतात, त्यामुळे कंपनीचा प्रत्येक मेल नीट उघडून वाचा आणि ‘मान्य’ दाबायची घाई करू नका. भारतातला नियम असा की कंपनीने विमान रद्द केलं तर तुमच्या पसंतीप्रमाणे दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. नॉनस्टॉपच द्या असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, मागायचं मात्र तेच.

यातलं जे मला आजवर पटलेलं नाही ते हे की वादळ-बिदळ आलं, मधला अड्डा बंद पडला, की हेच लोक तुम्हाला मुकाट्याने सरळ विमानात घालतात, कारण हॉटेल आणि जेवणाचा खर्च वाचतो. म्हणजे अशक्य काहीच नसतं. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तुम्हाला फुकट दिलं नसतं, एकदा दिलं की उद्यापासून सगळेच स्वस्त तिकीट काढून काउंटरला येऊन उभे राहतील.

तोवर आईंसाठी व्हीलचेअर आत्ताच मागून ठेवा, मधल्या ठिकाणीही हवी असं स्पष्ट सांगून. साडेचार तासांचा थांबा गुडघ्यांना वाटतो तितका वाईट नाही बरं का, नऊ-दहा तास एका जागी बसण्यापेक्षा मधे पाय मोकळे होतात. डॉक्टरांना विचारा, कदाचित ३८ हजार वाचतील.

प्रश्न : सर, भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो सरळ तिकीट महाग असेल तर पुढच्या गावाचं काढायचं आणि मधेच उतरून जायचं, स्वस्त पडतं. हे चालतं का? – महात्मानगर

उत्तर : चालतं, पकडलं जाईपर्यंत. नाशिकरोडहून मनमाडपेक्षा भुसावळचं तिकीट स्वस्त असल्यासारखं आहे ते, रेल्वेत असं होणार नाही पण विमानात होतं, कारण वर सांगितलंय तेच. गोची अशी की चेक-इन केलेली बॅग पुढच्या गावाला जाते, आणि एक टप्पा सोडला की पुढचं सगळं, परतीचं धरून, रद्द होतं. म्हणून फक्त एकेरी तिकिटावर आणि हातातल्या बॅगेवरच लोक हे करतात. गुन्हा नाही, पण कंपनीच्या अटींच्या विरुद्ध आहे, आणि कंपन्या आता चवताळल्यात. लुफ्तान्साने असं मधेच उतरलेल्या एका प्रवाशावर बर्लिनमध्ये दावा लावला होता, खालच्या कोर्टाने तो फेटाळला. दुसरीकडे अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या साइटवर अमेरिकन एअरलाइन्सने २०२३ मध्ये दावा केला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टेक्सासच्या ज्यूरीने साइटला ९४ लाख डॉलर भरायला सांगितले, कॉपीराइट मोडला म्हणून मुख्यतः. भाचा तरुण आहे, करू दे. तुम्ही भारतातून जाताना करू नका, अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं आणि बॅगही तिथे एकदा हातात घ्यावी लागते वगैरे ऐकून काही जणांना वाटतं आता जमेल, पण परतीचं तिकीट गेलं की त्या दिवशीच्या भावाने नवीन काढायला लागेल.

तिथला एक नियम मात्र भाच्याला सांगा. २०२४ पासून अमेरिकेत कंपनीने सरळ विमान काढून मधल्या थांब्यावर टाकलं आणि तुम्ही ते नाकारलंत तर पूर्ण पैसे परत, नॉन-रिफंडेबल तिकीट असलं तरी.

प्रश्न : एजंटने डायरेक्ट फ्लाइट सांगितली आणि विमान मधे एका ठिकाणी उतरलं, पाऊण तास बसून होतो. फसवलं का? – पंचवटी

उत्तर : नाही. डायरेक्ट म्हणजे फ्लाइट नंबर एकच, मधे उतरू शकतं. कुठेच उतरायचं नसेल तर नॉनस्टॉप हा शब्द वापरा, आणि तिकिटावर ‘थांबे’ या रकान्यात शून्य आहे का बघा.

प्रश्न : आम्ही पिंपळगाव बसवंतचे, ओझर विमानतळ पाव तासावर. मुलाला परदेशी सोडायला दरवेळी मुंबई. ओझर-दिल्ली-पुढे असं काढलं तर बरं की मुंबईहून सरळ? – पिंपळगाव बसवंत

उत्तर : एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, मिळत असेल तर ओझर नक्की बघा. दिल्लीचं विमान उशिरा झालं आणि पुढचं चुकलं तर दुसऱ्यात बसवणं कंपनीच्या गळ्यात असतं. पण दोन वेगळी तिकिटं वेगवेगळ्या साइटवर काढून, हजार दोन हजार वाचवून, दिल्लीत दोन तासांचा थांबा ठेवत असाल तर ते चुकलेलं विमान तुमचं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं धरून चाला, त्या दिवसांत मी स्वतः मुंबईलाच जातो. इगतपुरी ते आमणे समृद्धी जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण भिवंडीच्या पुढे काय होईल ते कोणी सांगू नये, म्हणून घरातून निघायची वेळ दोन तास अलीकडेच ठेवा. आणि मुलाला सोडायला सुमोभर माणसं नेऊ नका, गेटच्या आत तिकीटवाल्यालाच सोडतात.