ऑक्टोबरात जयगडच्या खाडीत गरवायला जावं का?

तुम्ही विचारलंय: पाच मित्र ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला होडी घेऊन गळाने मासे धरणार आहात, हवेचा भरवसा नाही, तर जावं का आणि तयारी काय करावी?

जा, पण खाडीच्या आतच गरवा आणि दुपारी १२ च्या आत जेटीला लागा. परतीच्या पावसात सकाळ बहुतेक निवळ असते. ढग दुपारनंतर सह्याद्रीवर चढतात आणि संध्याकाळकडे किनाऱ्यावर उतरतात. नवखे लोक समुद्राकडे बघत बसतात आणि वादळ पाठीमागून, पूर्वेकडून येतं. चालू असलेला पश्चिमेचा वारा एकदम पडला आणि जमिनीकडून गार झोत आला, की तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) गुंडाळा. हा झोत होडीला बाहेर ढकलतो, त्यात इंजिन बंद पडलं तर होडी थेट खुल्या समुद्रात जाते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. कार्बनचा रॉड (गळाची काठी) तेव्हा हातात धरू नका, आडवा ठेवा. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा असेल तर त्या दिवशी निघूच नका. आदल्या रात्री हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि 'इन्कॉइस' या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज दोन्ही बघा. वारा कमी असला तरी लांबून आलेली लाट खाडीच्या मुखावर फुटतेच.

दिवस तिथीवरून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: द्वादशीला ९, अष्टमीला ६. नेमक्या मिनिटांसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक हवंच. तुमच्यासाठी द्वादशीच्या आसपासचा दिवस चांगला. पहाटे ६ ला निघालात तर चढतं पाणी मिळतं आणि ओहोटीचा पहिला तासभरही. मासा पाणी फिरण्याच्या आगेमागे जास्त खातो. भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत पाण्याला ओढ इतकी असते की शिसं (गळाचं वजन) तळाला टिकत नाही. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण टाळा.

मुखाबाहेर जायचा मोह झालाच, तर भरती पूर्ण व्हायच्या आत परत या. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते आणि उथळ जागी ती उभी राहून फुटते. लहान होड्या उलटायची हीच जागा आणि हीच वेळ.

नांगराकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. पाणी ६ मीटर असेल तर ३० ते ४० मीटर दोर सोडा, नांगराला दोन मीटर साखळी लावा. दोर नाळेलाच (होडीच्या पुढच्या टोकालाच) बांधा. मागून बांधलात तर ओढीत पाणी वरून आत येतं. खडकाळ जागी दोर नांगराच्या खालच्या टोकाला बांधा आणि वरच्या कडीशी फक्त बारीक सुतळीने अडकवा. नांगर फसला की जोरात ओढल्यावर सुतळी तुटते आणि तो उलटा निघतो. नाळेजवळ सुरी ठेवा, नाहीच निघाला तर दोर कापायचा. जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या वाटेत नांगर टाकू नका.

पाच जणांच्या गळांचे दोर गुंतणार हे धरूनच चाला. नाळेकडच्याने जड शिसं लावावं, १०० ग्रॅमपर्यंत, म्हणजे दोर सरळ खाली राहील. मागच्याने ४० ते ५० ग्रॅम, त्याचा दोर लांब वाहू द्यावा.

तांबोशी आणि हेकरू या खडकातल्या माशांसाठी ३० पौंड ताण सोसणारा ब्रेड (विणलेला) दोर आणि पुढे मीटरभर ५० पौंडांचं तंगूस. शिसं ब्रेडवर सरकतं ठेवा, खाली मणी, मग फिरकी (दोराला पीळ बसू न देणारी कडी), मग तंगूस आणि २/० किंवा ३/० नंबरची गरी (गळाचा आकडा). जिवंत कोळंबी डोक्यावरच्या काट्याखालून, काळ्या डागाच्या पुढे टोचा. डागात टोचली तर ती लगेच मरते. तांबोशी लागल्यावर पहिले दोन-तीन मीटर जोर लावून वर काढा, ढिलाई दिली की ती खडकात शिरते. मुडदुशी या माशासाठी वाळूचा तळ, ६ नंबरची गरी आणि कोळंबीचा तुकडा पुरतो. केंड (फुगणारे मासे) लागू लागले तर जागा बदला, ते तंगूस कुरतडतात. ते खायचेही नाहीत, विषारी असतात.

शिंगाळा हा काटेरी मासा लागला तर त्याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे पक्कडीने धरूनच गरी काढा. टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. त्यासाठी थर्मास भरून न्या. श्वास लागला किंवा काटा आत तुटला तर थेट दवाखाना.

लाइफ जॅकेट बसायच्या फळीखाली नाही, अंगात हवं, पाचांच्याही आणि होडीवाल्याच्याही. फोन पाणीबंद पिशवीत ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. परतायची वेळ जेटीवर कुणाला तरी सांगूनच निघा.